जमातीच्या जमिनीतून हायवे नेताना : राज्य सरकार आणि ट्रायबल सरकार यांच्यात वहिवाटीचा करार कसा करावा

शेताला रस्ता हवा असला की बांधापलीकडच्या शेतकऱ्याच्या दारात जावं लागतं. तो हो म्हणाला तर वहिवाट मिळते, जमीन मात्र त्याच्याच नावावर राहते. मी अमेरिकेतल्या एका राज्याच्या डीओटीत, म्हणजे महामार्ग खात्यात, जमीन विभागात काम करते. 'राइट-ऑफ-वे'ला मी मनातल्या मनात कायम वहिवाटच म्हणत आले. ट्रायबल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातींच्या, जमिनींच्या बाबतीत तर हा मराठी शब्द जास्त नेमका बसतो. आपल्याला जायचा हक्क मिळतो, जमीन मिळत नाही. खात्यातली माणसं हे विसरतात आणि मग फाइल पाच-पाच वर्षं कपाटात पडून राहते.

पुण्या-मुंबईहून, नागपूरहून सिव्हिल करून आलेली कितीतरी मुलं इथे मास्टर्स करतात आणि ॲरिझोना, वॉशिंग्टन, मिनेसोटा, ओक्लाहोमा अशा राज्यांच्या डीओटीत किंवा त्यांच्या कन्सल्टंटकडे लागतात. कधीतरी त्यांच्या टेबलावर रिझर्व्हेशनच्या, म्हणजे जमातीसाठी राखलेल्या प्रदेशाच्या, हद्दीतून रस्त्याची रेघ गेलेला नकाशा येतो. कॉलेजात हे कोणी शिकवलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. अमेरिकेत केंद्राची मान्यता असलेल्या जमाती पाचशे सत्तरहून अधिक आहेत, आणि त्यांतली प्रत्येक जमात हे एक सरकार आहे. तिची स्वतःची कौन्सिल असते, अनेकींची स्वतःची कोर्टं, पोलीस आणि कर असतात. त्यांचं नातं थेट वॉशिंग्टन डीसीशी, कित्येकदा राज्य जन्माला येण्याआधीच्या तहांनी बांधलेलं. आपल्याकडच्या ग्रामसभेशी त्याची बरोबरी करू नका. जमातीची ट्रस्टमधली जमीन राज्याला सक्तीने संपादित करता येत नाही. भूसंपादन कायद्याच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

१. आधी 'सातबारा' काढा

रिझर्व्हेशनच्या हद्दीत आहे म्हणून सगळी जमीन एका प्रकारची नसते. जमातीची ट्रस्ट जमीन असते, म्हणजे कागदावर केंद्र सरकारच्या नावे पण जमातीसाठी राखलेली. अलॉटेड जमीन असते, म्हणजे वैयक्तिक इंडियन (इथे अर्थ अमेरिकेतले मूळ रहिवासी) मालकांची, तीही ट्रस्टमध्येच. आणि 'फी' जमीन असते, जी साध्या खरेदीखताने कोणाच्याही मालकीची असू शकते. एकाच मैलात हे तिन्ही प्रकार बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक येतात.

हा गुंता १८८७च्या अलॉटमेंट कायद्याने केला. सामाईक जमिनीचे तुकडे पाडून कुटुंबप्रमुखाला साधारण १६० एकर दिले आणि उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली केली. १८८७ मध्ये जमातींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख एकरच राहिली. जी तुकड्यांत राहिली, तिचे वारस पिढ्यान्पिढ्या वाढत गेले आणि वाटणी कधीच झाली नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस नावं दिसली की तलाठी कपाळाला हात लावतो. इथे एकेका तुकड्यावर शेकडो नावं असतात आणि हिश्श्याचा छेद चार-पाच आकडी असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे बीआयएच्या, म्हणजे ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स या जमातींचं कामकाज पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, लँड टायटल्स अँड रेकॉर्ड्स कार्यालयातून प्रत्येक तुकड्याचा टायटल स्टेटस रिपोर्ट मागवायचा. त्याच्याबरोबर अस्तित्वातल्या रस्त्याची जुनी मंजुरी शोधून काढा. ती १९०१च्या कायद्याखाली होती की १९४८च्या? मुदत किती होती? ती संपली तर नाही ना? मुळात केंद्राची मंजुरी घेतली होती का? न्यूयॉर्कमध्ये सेनेका नेशनच्या कॅटारॉगस रिझर्व्हेशनमधून थ्रूवे या महामार्गाचा सुमारे तीन मैलांचा पट्टा जातो. १९५४ मध्ये राज्याने ७५,००० डॉलर देऊन त्याचा हक्क घेतला. केंद्राची मंजुरी कधी घेतलीच नव्हती असं सेनेकांचं म्हणणं आहे, आणि त्यावरचं भांडण या शतकातही कोर्टात चालू राहिलं. आपल्या कपाटातला जुना कागद खरा किती आहे हे समोरच्या वकिलाकडून कळण्याआधी आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

२. पहिलं पत्र

पत्र डीओटीच्या प्रमुखाने जमातीच्या अध्यक्षांना लिहायचं. कन्सल्टंटच्या लेटरहेडवर कधीच नाही. पत्रासोबत अंतिम आराखडा जोडू नका. आराखडा पक्का करून गेलात तर तुम्ही विचारायला नाही, सांगायला आलात असा अर्थ निघतो, आणि तो चुकीचा नसतो.

आमच्या खात्यात एकदा छापील ऑफर-पत्र जसंच्या तसं कौन्सिलला गेलं. त्यात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात 'सहमती न झाल्यास सक्तीने संपादन करण्याचा हक्क खातं राखून ठेवतं' हे नेहमीचं वाक्य होतं. खाजगी जमीनमालकांसाठीचं ते वाक्य कोणी काढलंच नव्हतं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी ते पत्र टेबलावर ठेवलं, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हा हक्क तुम्हाला कोणी दिला?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. बोलणी पुन्हा सुरू व्हायला आठ महिने लागले. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक छापील मसुदा मी शब्दन् शब्द वाचते. संपादनाची धमकी, 'राज्याचा कायदा लागू राहील', 'राज्याच्या कोर्टातच दाद मागावी' ही तीन वाक्यं सर्वात आधी बाहेर काढा.

कौन्सिलच्या निवडणुका कधी आहेत ते माहीत करून घ्या. समाजात कोणी गेलं तर कार्यालयं बंद राहतात, बैठक पुढे जाते. त्यावर नाराजीचा सूर काढू नका. बैठक प्रार्थनेने सुरू होते, वडीलधारे आधी बोलतात आणि सावकाश बोलतात. मध्ये तोंड घालू नका.

३. मोठा करार आधी, वहिवाट नंतर

एकेका रस्त्याच्या घासाघाशीत शिरण्याआधी दोन सरकारं एकमेकांशी कशी बोलतील याचा करार असेल तर निम्मं काम होतं. वॉशिंग्टन राज्याने १९८९ मध्ये तिथल्या जमातींबरोबर सेंटेनियल अकॉर्ड केला, तो या प्रकारचा. मला मात्र सर्वात जास्त शिकवलं ते मोंटानातल्या यूएस ९३ या महामार्गाने.

मिझूलाच्या उत्तरेला इव्हॅरोपासून पोल्सनपर्यंत हा रस्ता सुमारे ५६ मैल फ्लॅटहेड रिझर्व्हेशनमधून जातो. अपघात फार होत, म्हणून राज्याला चार पदरी रस्ता हवा होता. रुंद रस्ता आला की त्यामागून वस्ती येईल, जनावरांच्या वाटा तुटतील, म्हणून सेलिश आणि कूटनाई जमातींचा विरोध होता. नव्वदचं दशक त्यातच गेलं. डिसेंबर २००० मध्ये जमाती, राज्य आणि फेडरल हायवे प्रशासन या तिघांनी करारावर सह्या केल्या. त्या आराखड्यामागचा विचार असा, की जमीन इथली आहे आणि रस्ता पाहुणा आहे. पाहुण्याने घराची रीत पाळायची. या एका विचारातून वळणं जमिनीच्या उतारासारखी आली, पाट्यांवर सेलिश आणि कूटनाई भाषेतली नावं आली, आणि मासे नि जनावरांसाठी रस्त्याखालून-वरून जाणारे चाळीसेक मार्ग आले. इव्हॅरोच्या टेकडीवर हायवेच्या वरून गवत-झाडांचा एक पूल जातो, तो फक्त जनावरांसाठी.

दहा वर्षं 'किती पदरी' यावर अडलेली गोष्ट 'कसा रस्ता' हा प्रश्न विचारल्यावर सुटली. तुमच्या बैठकीतही पहिला प्रश्न रुंदीचा नसू दे.

४. जमिनीवर चाला

सर्व्हेसाठी आत जायलाही मालकाची परवानगी लागते. त्यासाठी बीआयएची मंजुरी लागत नाही, पण कौन्सिलची किंवा हिस्सेदारांची लागतेच. खुंट्या मारायला गेलेल्या पोरांनी परवानगीचं पत्र गाडीत ठेवलेलं असावं.

पुरातत्त्वाची पाहणी जमातीच्या वारसा अधिकाऱ्याबरोबर करा. राष्ट्रीय वारसा कायद्याच्या १०६व्या कलमाखाली, १९९२च्या दुरुस्तीपासून, जमातींशी सल्लामसलत सक्तीची आहे. ती केवळ कागदावर केली तर काय होतं, हे पोर्ट अँजेलिसला दिसलं. हूड कॅनाल पुलाचे तरंगते भाग बांधायला वॉशिंग्टन राज्याने २००३ मध्ये तिथे खोदकाम सुरू केलं. आधीच्या पाहणीत काही निघालं नव्हतं. खोदल्यावर निघालं ते च्वेट्सन हे क्लॅलम लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं गाव, आणि तीनशेहून अधिक माणसांची दफनं. डिसेंबर २००४ मध्ये काम कायमचं थांबलं. तोवर सहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. पैसे गेले ते गेलेच. पण आपल्या आजी-पणजीची हाडं यंत्राने उचललेली पाहणाऱ्या लोअर एल्वा क्लॅलम लोकांवर काय बेतलं असेल, त्याचा हिशेब कुठल्या फाइलीत नाही.

माझा एक अनुभव सांगते. जमातीच्या एका वयस्क बाईंबरोबर आम्ही आखणीच्या खुंट्यांमधून चालत होतो. माळरान, गुडघाभर झुडपं, कुठे काही वेगळं दिसत नव्हतं. एका गुलाबी फितीच्या खुंटीपाशी त्या थांबल्या, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही चाळीस फूट तिकडे घ्या." आमच्या तरुण इंजिनियरने विचारलं, "इथे काय आहे?" त्या काहीच बोलल्या नाहीत. मी त्याला खूण केली आणि खुंटी हलवली. पवित्र जागा कुठे आहे हे सांगितलं की ती सरकारी कागदात जाते आणि मग लुटारूंना सापडते, हा त्यांचा अनुभव आहे. वारसा कायदाही अशी माहिती गुप्त ठेवू देतो. चाळीस फुटांत आमच्या वळणाची त्रिज्या थोडी बदलली, एवढंच.

आणि कधी उत्तर 'नाही' असं येतं. फिनिक्सच्या दक्षिणेला लूप २०२ या महामार्गासाठी गिला रिव्हर समुदायाने फेब्रुवारी २०१२ मध्ये मतदान घेतलं. रस्ता आमच्या जमिनीवर नको आणि बाहेरही नको, असा कौल आला, कारण साउथ माउंटन त्यांचा पवित्र डोंगर. राज्याने मग हद्दीबाहेरून, डोंगराच्या कडा कापून रस्ता नेला आणि तो डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. कायद्याने ते बसलं. पण या समुदायाशी पुढची पन्नास वर्षं बोलायचं आहे, ते त्या कापलेल्या कड्यांच्या साक्षीने. माझं मत विचाराल तर 'नाही' ऐकल्यावर पर्यायांचा अभ्यास पुन्हा प्रामाणिकपणे करा, आणि तो त्यांच्यासमोर ठेवा.

५. कलमं : इथे वेळ द्या

मुदत. राज्याला कायमचा हक्क हवा असतो, जमातीला वीस-पंचवीस किंवा पन्नास वर्षांची मुदत. बहुतेक बोलणी इथेच अडकतात. माझा सल्ला, मुदत मान्य करा आणि त्याबदल्यात दोन गोष्टी मागा: मुदत संपायच्या पाच वर्षं आधी नूतनीकरणाची बोलणी सुरू होतील, आणि ती चालू असताना ठरलेल्या दराने रस्ता वापरात राहील. हे नसलं तर काय होतं ते विस्कॉन्सिनमधल्या लाक दु फ्लांबोला पाहा. तिथल्या चार रस्त्यांच्या वहिवाटीची मुदत २०२३च्या सुमारे दहा वर्षं आधीच संपली होती. बोलणी फिसकटली आणि ३१ जानेवारी २०२३ला जमातीने चारही रस्त्यांवर अडथळे उभे केले. ऐन हिवाळ्यात पलीकडची घरं अडकली. रस्ते गावाच्या प्रशासनाचे होते, डीओटीचे नव्हते, पण धडा तोच.

वापर. 'महामार्गासाठी' म्हणजे नक्की काय ते लिहा. डीओटीला सवय असते, की आपल्या पट्ट्यातून फायबरची केबल, गॅसची लाइन, पाण्याचा पाइप आपणच परवाना देऊन जाऊ द्यायचा. ट्रायबल जमिनीवर हे चालत नाही. मूळ मंजुरीत नसलेल्या वापराला नवी वहिवाट आणि नवी संमती लागते. भरावाची माती आणि खडी कुठून घेणार, तिचे पैसे कोणाला, हेही याच कलमात येतं.

अधिकारक्षेत्र. सर्वात नाजूक कलम हेच, आणि त्याचं मूळ नॉर्थ डकोटातल्या एका अपघातात आहे. फोर्ट बर्थोल्ड रिझर्व्हेशनमधून जाणाऱ्या राज्य महामार्गावर १९९० मध्ये दोन बिगर-सदस्यांच्या, म्हणजे जमातीबाहेरच्या माणसांच्या, गाड्यांची टक्कर झाली. दावा जमातीच्या कोर्टात चालेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की १९७०च्या त्या वहिवाटीत जमातीने रस्त्यावर कोण येईल हे ठरवायचा हक्क राखून ठेवलेला नाही. तेव्हा बिगर-सदस्यांच्या बाबतीत हा पट्टा बाहेरच्यांच्या मालकीच्या जमिनीसारखाच. एक कलम न लिहिल्याने जमातीने आपल्याच जमिनीवरचा अधिकार गमावला. तेव्हापासून कोणताही ट्रायबल वकील हे कलम सोडत नाही, आणि त्याने सोडूही नये. एप्रिल २०१६ पासून लागू झालेले केंद्राचे सुधारित नियम, भाग १६९, वहिवाटीमुळे जमातीचा अधिकार कमी होत नाही असं स्पष्ट म्हणतात. पुढे २०२१ मध्ये, मोंटानातल्या क्रो रिझर्व्हेशनमधल्या यूएस २१२वरच्या एका प्रकरणात, अशा रस्त्यावर जमातीचा पोलीस बिगर-इंडियन माणसाला थांबवून तपासासाठी रोखू शकतो, असा एकमुखी निकाल आला.

आपल्या बाजूचे वकील या कलमाला घाबरतात. त्यांना विचारा, राज्याला प्रत्यक्षात काय हवं आहे? अपघातात रस्ता बंद करता यावा, चलन फाडता यावं, नुकसानभरपाईची जबाबदारी स्पष्ट असावी. हे तिन्ही विषय पोलिसांमधल्या परस्पर-अधिकाराच्या वेगळ्या करारात बसतात. त्यासाठी जमातीकडून अधिकार सोडवून घ्यायची गरज नसते.

वाद. दोन्ही सरकारांना सार्वभौम संरक्षण आहे, म्हणजे एकमेकांवर सहज दावा लावता येत नाही. म्हणून शिडी बांधा: आधी साइटवरचे इंजिनियर, मग विभागप्रमुख, मग अध्यक्ष आणि डीओटीचे प्रमुख, मग मध्यस्थ, आणि शेवटी याच करारापुरती दोघांनी आपल्या सार्वभौम संरक्षणातून दिलेली मर्यादित सूट. सूट दोन्ही बाजूंनी सारखी असावी.

रोजगार. अनेक जमातींचा टीरो नावाचा रोजगार-हक्क कायदा असतो; स्थानिकांना प्राधान्य आणि ठेकेदाराकडून ठरावीक टक्के फी. नवाहो नेशनने १९७७ मध्ये असा पहिला कायदा केला. दर टेंडरमध्येच छापा, नाहीतर ठेकेदार नंतर जादा बिल लावतो.

६. मोबदला

जमातीच्या जमिनीसाठी कौन्सिलने कबूल केलेली रक्कम किंवा इतर मोबदला बीआयए सहसा मान्य करते. मूल्यांकनाचा आकडा समोर ढकलून थांबू नका. कित्येकदा पैशापेक्षा इंटरचेंज कुठे येणार याला जास्त किंमत असते. फिनिक्सच्या पूर्वेला पिमा फ्रीवे सॉल्ट रिव्हर समुदायाच्या जमिनीतून जातो. त्याच्या कडेला आज त्यांचं रिसॉर्ट, बेसबॉलचं स्टेडियम आणि बाजारपेठ उभी आहे. शाळेपाशी सिग्नल, गुरांसाठी भुयारी वाट, कुंपण आणि कॅटलगार्ड (गुरांना ओलांडता येत नाही अशी रस्त्यातली जाळी), वस्तीपर्यंत पाण्याची लाइन, हे सगळं मोबदल्यात धरता येतं.

७. हिस्सेदारांच्या सह्या

अलॉटेड तुकड्यावर हिश्श्यांच्या बहुमताची संमती लागते. डोकी मोजायची नाहीत, अपूर्णांक मोजायचे. वारस ठरलेले नसतील, पत्ता लागत नसेल किंवा मालक फारच असतील तर बीआयए ठरावीक अटींवर पुढे जाऊ शकते. नोटीस मात्र सगळ्यांना. हिस्सेदारांना बाजारभावापेक्षा कमी देता येत नाही, त्यांनी स्वतः लेखी सूट दिल्याशिवाय.

इथे कोणीतरी सक्तीचा मार्ग सुचवेल. १९०१च्या कायद्याने अलॉटेड जमीन संपादित करता येते, हे खरं. पण केंद्राला पक्षकार करून फेडरल कोर्टातच जावं लागतं. १९३९ मध्ये मिनेसोटाच्या एका हायवेच्या खटल्यातच ते ठरलं. शिवाय २०१२ ते २०२२ मध्ये केंद्राच्या १.९ अब्ज डॉलरच्या बाय-बॅक, म्हणजे हिस्से विकत घेण्याच्या, योजनेतून असंख्य छोटे हिस्से जमातींकडे आले, आणि २०१७ मध्ये दहाव्या सर्किटने, म्हणजे फेडरल अपील कोर्टाने, म्हटलं की जमातीचा लहानसा हिस्सा असला तरी त्या तुकड्याचं सक्तीने संपादन होत नाही. तेव्हा शनिवारी सामुदायिक हॉलमध्ये टेबल मांडा, नोटरी आणि मोठा नकाशा सोबत ठेवा. लोक येतात, आपल्या आजोबांचा तुकडा नकाशावर बोटाने शोधतात, मग बोलतात. तो वेळ द्या.

८. ठराव, अर्ज, मंजुरी

कौन्सिलचा ठराव, मोजणीचा नकाशा, नोटिशीचा पुरावा, संमती, पर्यावरण आणि पुरातत्त्वाचे कागद असा पूर्ण संच बीआयएकडे द्या. संच पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तो अपुरा असला की घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून दाखल करण्याआधी बीआयएच्या रिअल्टी विभागात बसून एकदा एकेक कागद तपासून घ्या. मंजुरीची नोंद टायटल कार्यालयात झाली का, ते स्वतः पाहा.

९. सही झाल्यावर

कराराची प्रत देखभालीच्या डेपोत गेली पाहिजे, कारण करार मोडतात ते तिथे. तणनाशकाची गाडी चालवणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं, की या दोन मैलांत फवारायचं नाही, इथल्या गवताच्या काड्या बायका टोपल्या विणायला नेतात आणि विणताना दातात धरतात. आमच्याकडे आता अशा पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना लहान पाट्या आहेत आणि गाडीच्या डॅशबोर्डवर यादी चिकटवलेली आहे. मुदतींची नोंदवही वेगळी ठेवा. प्रत्येक वहिवाटीपुढे संपायची तारीख लिहा, आणि तिच्या पाच वर्षं आधीची तारीख लाल शाईने.